करार पाठवला, पण कोणता?

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबाद आणि खामगाव यांच्यात एक ट्रंक कॉल झाला. एका टोकाला अहमदाबादची गिरधारीलाल पुरुषोत्तमदास आणि कंपनी, दुसऱ्या टोकाला खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल. सौदा सरकी पेंडीचा. बोलणं झालं, होकार आला, फोन खाली ठेवला गेला. कागदावर काहीच नव्हतं. पुढे ठरलेला माल आला नाही, असं म्हणत अहमदाबादच्या कंपनीनं तिथल्याच सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. त्यावर खामगावचं म्हणणं असं, की होकार आम्ही खामगावातून दिला, माल खामगावात द्यायचा होता, पैसेही खामगावातच मिळायचे होते. मग तारखांना अहमदाबादेला हेलपाटे आम्ही का घालायचे?

हा साधा वाटणारा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. करार कायदा १८७२ चा. होकाराचं पत्र टपालात पडलं, ते परत घेणं हातात उरलं नाही, की प्रस्ताव देणारा बांधला गेला, असा त्या कायद्याचा हिशेब. टेलिफोन तेव्हा जन्मालाही आला नव्हता. मग फोनवरचा होकार नेमका कुठे पुरा होतो? तो उच्चारला तिथे, की ऐकला तिथे? ३० ऑगस्ट १९६५ रोजी तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, ऐकला तिथे, म्हणजे अहमदाबादेत. तिसरे न्यायमूर्ती होते हिदायतुल्ला. नागपूर उच्च न्यायालयाचं मुख्य न्यायमूर्तिपद भूषवलेले. त्यांचं मत वेगळं पडलं. कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर होकार तोंडातून बाहेर पडला तिथेच करार झाला, असं ते म्हणत होते, म्हणजे खामगावात. बहुमत अर्थातच बहुमत ठरलं. भांडण पेंडीचं होतं, आणि फोन झाल्यापासून सहा वर्षांनी एवढंच नक्की झालं, की ते कोणत्या गावात भांडायचं.

आज खामगावचा व्यापारी अहमदाबादला ट्रंक कॉल लावत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो. साधन बदललं, घोळ मात्र वाढला.

भोसरी, अंबड, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपच्या केबिनमध्ये डोकावून पाहा. कोटेशन ईमेलनं गेलेलं असतं. पर्चेस ऑर्डरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असतो, तोही तिरका, खालची ओळ कापलेला. दर फोनवर दोन रुपयांनी खाली आणलेला असतो. अ‍ॅडव्हान्स यूपीआयनं येतो आणि त्याचा स्क्रीनशॉट हीच पावती. मुख्य करार वर्डच्या फाईलमध्ये. ती फाईल इकडून तिकडे चार वेळा जाते आणि प्रत्येक फेरीत तिला नवं नाव मिळतं: फायनल, फायनल-दोन, फायनल सुधारित, फायनल खरं. एका प्रतीत पेमेंट तीस दिवसांत, दुसरीत साठ दिवसांत. सही कोणत्या प्रतीवर झाली? ‘ती काय, मेलवर असेल.’ हे फक्त कारखान्यांचं नाही. कॅटरर, इंटिरिअरवाले, वेबसाइट बनवणारी दोन पोरं, अनुवादक, लग्नाचे फोटोग्राफर, सगळ्यांची हीच तऱ्हा.

अशा वेळी पहिली शंका येते ती वैधतेची. ईमेलवरचा करार चालतो का हो? चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे आणि २००९ पासून त्यात १०-अ हे कलम आहे. प्रस्ताव आणि होकार इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला, एवढ्याच कारणावरून करार नाकारता येत नाही, असं ते म्हणतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात तर त्याहून पुढचं सांगितलं. बॉक्साइटच्या जहाजांचा तो सौदा ईमेलवर ठरला होता, औपचारिक करारावर सह्या झाल्याच नव्हत्या. न्यायालय म्हणालं, मुख्य अटींवर एकमत झालं होतं, सौदा पक्का झाला होता. सही राहिली म्हणून तो मोडत नाही. मृत्युपत्र, विश्वस्तनामा असे मोजके दस्त आजही या कायद्याच्या बाहेर आहेत. कुलमुखत्यारपत्रही बहुतेक बाबतींत बाहेरच. रोजच्या धंद्यातले करार मात्र आत आहेत.

तेव्हा करार वैध आहे का, यावर आज गाडी क्वचित अडते. ती अडते कोणता करार यावर. कोणती प्रत, कोणत्या तारखेची, कोणी पाहिलेली, कोणी मान्य केलेली. ऑनलाइन करार पाठवण्याच्या सगळ्या चांगल्या पद्धती या एका प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवतात. वाईट पद्धती ते न्यायाधीशांवर सोडतात.

न्यायाधीशांवर सोडलं की काय होतं, याचा नमुना कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मिळाला. मार्च २०२१ मध्ये साउथ वेस्ट टर्मिनल या धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीच्या माणसानं जवस खरेदीचा करार छापला, त्यावर शाईनं सही केली, मोबाइलनं फोटो काढला आणि एका शेती कंपनीला मेसेज केला: जवसाचा करार कन्फर्म करा. उत्तरात आला एक उभा अंगठा, आपण दिवसातून पन्नास वेळा टाकतो तो. माल नोव्हेंबरमध्ये द्यायचा होता. तोवर जवसाचे भाव चढले आणि माल आलाच नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठ्याचा अर्थ ‘मेसेज मिळाला’ एवढाच; सगळ्या अटींचा कागद नंतर फॅक्सनं किंवा ईमेलनं येईल असं मी धरून चाललो होतो. न्यायालयानं जुने व्यवहार उकरून काढले. याच दोघांत आधीही असेच करार झाले होते, तेव्हा ‘ठीक आहे’, ‘हो’ अशा एका शब्दाच्या उत्तरावर माल गेला होता. मग या वेळी अंगठा म्हणजेही होकारच. जून २०२३ मध्ये ब्याऐंशी हजार कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाईचा हुकूम झाला आणि अपिलातही तो टिकला.

या बातमीवर जगभर विनोद झाले. मला त्यात विनोद दिसत नाही. खरेदीदार जिंकला खरा, पण एका अंगठ्याचा अर्थ लावण्यासाठी दोन न्यायालयं आणि दोन बाजूंचे वकील कामाला लागले. करार पाठवण्याची रीत थोडी नीट असती, म्हणजे सगळ्या अटी एका जागी, आणि खाली ‘मला मान्य आहे’ म्हणायची एकच ठरलेली जागा, तर हा खटला उभा राहायला कारणच उरलं नसतं. जवस तर विदर्भातही पिकतं, आणि अंगठे तिथल्या अडत्यांच्या फोनवरूनही जातात.

आता रीतीकडे वळू.

मसुदा एकाच जागी ठेवावा आणि माणसांनी त्याच्याकडे यावं. फाईलनं माणसांकडे फिरत राहू नये. गूगल डॉक्स, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह, झोहो, कोणतंही चालेल. क्लायंटला फाईल न पाठवता त्या मसुद्याची लिंक पाठवायची. त्याला मजकूर थेट बदलायचा अधिकार द्यायचा नाही, सूचना करण्याचा द्यायचा. मग त्यानं तीसचे साठ दिवस केले तर ते रंगीत दिसतं, कोणी आणि केव्हा केलं ते कळतं, तुम्ही मान्य केल्याशिवाय ते लागू होत नाही. जुन्या आवृत्त्या मागे जाऊन पाहता येतात. मोठ्या कंपन्यांचे विधी विभाग आजही वर्डची फाईल मागतात, त्याला इलाज नाही. अशा वेळी त्यांची फाईल परत आली की वर्डमध्येच दोन कागदांची तुलना करण्याची सोय आहे ती वापरायची. ट्रॅक चेंजेस सुरू आहे या विश्वासावर राहू नये. समोरचा ते बंद करून आकडा बदलू शकतो. बहुतेक लोक मुद्दाम करत नाहीत, पण घाईत होतं.

लिंकचं एक दुखणं आहे. ‘लिंक असलेला कोणीही पाहू शकेल’ हा पर्याय सोपा, म्हणून सगळे तोच निवडतात. तुमच्या दरांची लिंक मग क्लायंटच्या खरेदी विभागातून तुमच्या स्पर्धकाकडे जायला एक फॉरवर्ड पुरतो. लिंक ठरावीक ईमेलपुरती द्यावी, तिला मुदत घालावी, जमलं तर उघडताना मोबाइलवर ओटीपी जाईल अशी व्यवस्था करावी. काम संपलं की प्रवेश बंद. फाईलला पासवर्ड घालून तोच पासवर्ड त्याच मेलच्या खालच्या ओळीत लिहिणारे लोक आपल्याकडे थोडे नाहीत. पासवर्ड फोनवर सांगावा. याबाबत आपण एकटे नाही म्हणा. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देणारा कायदा ३० जून २००० रोजी झाला. अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर कॅमेऱ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक सही केली आणि तिचा पासवर्ड होता त्यांच्या कुत्र्याचं नाव, बडी. साऱ्या जगाला कळला.

काही सेवा आणखी एक गोष्ट विकतात: क्लायंटनं करार केव्हा उघडला, कोणत्या पानावर किती वेळ थांबला, याची नोंद. उघडला की नाही, एवढी नोंद उपयोगी आहे, ‘आम्हाला मिळालाच नाही’ या सबबीला ती उत्तर देते. पण समोरच्यानं दराचं पान किती वेळा चाळलं ते पाहून फोनवर त्याला कोंडीत पकडणं मला पसंत नाही. आपल्या कागदावर कोणी असा डोळा ठेवला तर आपल्याला चालेल का? त्याला न सांगता तर हे मुळीच करू नये.

मसुदा पक्का झाला की तो पीडीएफ करायचा. इथे एक सापळा आहे आणि त्यात साक्षात युरोपीय आयोग अडकला. कोविडच्या लशींवरून आयोगाचा अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीशी वाद पेटला होता. २९ जानेवारी २०२१ रोजी आयोगानं दोघांमधला करार इंटरनेटवर प्रसिद्ध केला. रक्कम, वेळापत्रक असे गुपिताचे भाग काळे केले होते. पण पीडीएफच्या बाजूला जी खुणांची यादी उघडता येते तिच्यात त्या काळ्या पट्ट्यांखालचा काही मजकूर जसाच्या तसा उरला होता. सत्त्याऐंशी कोटी युरोचा आकडा जगानं वाचला. आयोगानं मग प्रत बदलली, तोवर व्हायचं ते झालं होतं. काळी पट्टी ओढली म्हणजे अक्षरं गेली असं होत नाही. ती खाली असतातच. एका क्लायंटचा करार नमुना म्हणून दुसऱ्याला पाठवताना आपल्याकडे नेमकं हेच होतं. नाव पांढऱ्या रंगात रंगवायचं आणि पाठवून द्यायचं. शिवाय वर्डच्या फाईलच्या माहितीत आधीच्या लेखकाचं नाव, पुसलेल्या टिपा, बदलांचा इतिहास शिल्लक असतो. नमुना द्यायचा तर कोरी फाईल नव्यानं करावी.

आणि पीडीएफ म्हणजे दगडावरची रेघ, हाही गैरसमजच. पीडीएफ बदलता येते. त्यासाठी फुकटची साधनंही मिळतात. मग पाठवलेली प्रत आणि सही झालेली प्रत एकच आहे, हे कसं सिद्ध करायचं?

हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. शिवकाळातल्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा दिसते. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घातली तर ती आमची नव्हे, असं ती सांगते. शिक्का डोक्यावर आणि मोर्तब शेवटी, म्हणजे वरून आणि खालून कागद बंद. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असला की जोडावर खूण केली जाई, मधला तुकडा बदलला तर ती जुळायची नाही. दप्तरात नोंद झाल्याचे शेरे वेगळेच. मोडी कागदांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना खरा-खोटा दस्त ओळखताना या खुणांचा आजही आधार होतो.

डिजिटल सही तेच काम गणितानं करते. फाईलमधल्या प्रत्येक अक्षरावर प्रक्रिया करून एक ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीनं काढलेला ठसा नेहमी चौसष्ट अक्षर-आकड्यांचा असतो, करार दोन पानांचा असो की दोनशे. त्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला तरी ठसा पार बदलतो. हा ठसा सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनं बंद केला की झाली डिजिटल सही. पीडीएफ उघडल्यावर वर येणारा ‘सही वैध’ हा शेरा सांगतो, की सहीनंतर या फाईलला कोणी हात लावलेला नाही.

आता आपण काय करतो पाहा. अशी सही झालेली फाईल आपण छापतो, तिच्यावर पेनानं आणखी एक सही करतो, स्कॅन करतो आणि परत पाठवतो. त्या क्षणी डिजिटल सही मेली. उरला तो सहीचा फोटो.

सहीचा फोटो करारावर चिकटवून पाठवणं हा तर आपला राष्ट्रीय उद्योग आहे. साहेबांची सही एकदा स्कॅन करून ठेवायची आणि ऑफिसातल्या कोणीही ती कुठेही डकवायची. करार त्यामुळे आपोआप रद्दबातल ठरत नाही, पण ‘ती सही मी केलीच नव्हती’ असं साहेब म्हणाले तर सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. कायद्यानं मान्य केलेल्या सह्या दोन प्रकारच्या. एक, यूएसबी टोकनमधली, जी चार्टर्ड अकाउंटंट रिटर्न भरताना वापरतात. दुसरी, २०१५ पासून मिळणारी आधारवर आधारित ई-साइन. पुण्याच्या सी-डॅकची ‘ई-हस्ताक्षर’ ही सेवा याच प्रकारातली. परवाना असलेल्या खासगी संस्थाही आहेत. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यावर तेवढ्यापुरतं प्रमाणपत्र तयार होतं, सही होते आणि प्रमाणपत्राचं आयुष्य अर्ध्या तासात संपतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे तुमचा करार जात नाही, फक्त त्याचा हॅश जातो. हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि ‘आमचे दर तिसऱ्याला कळतील’ या भीतीनं ते ई-साइन टाळतात. परदेशी क्लायंटकडे आधार नसतं; तिथे डॉक्युसाइनसारख्या सेवा वापराव्या लागतात. त्या सहीला आपल्या कायद्यात आधार ई-साइनइतकं बळ नाही. तिचा भरवसा कोणी, केव्हा, कोणत्या ईमेलवरून सही केली या नोंदीवर असतो. ती नोंद जपून ठेवली तर काम भागतं.

नोंद जपणं म्हणजे काय, हे सगळ्या देशाला शिकवलं ते जालन्याच्या एका खटल्यानं. तो कराराचा नव्हता, निवडणुकीचा होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, यावर वाद होता आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठाम सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर सोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. ते नको असेल तर मूळ यंत्रच कोर्टापुढे ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कराराला हे लावून पाहा. मूळ यंत्र म्हणजे तुमचा फोन. तो कोर्टात ठेवायला कोण तयार होईल? १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. आणि दोन्हींत हॅश विचारलेला आहे. म्हणजे गणिती ठसा आता वकिलांच्या फॉर्मवरच आला. तीन वर्षांनी फोन बदलल्यावर, चॅट पुसल्यावर हे प्रमाणपत्र कशाच्या जोरावर देणार?

म्हणून माझं एक मत वाचकांना जुनाट वाटलं तरी सांगतो. मसुदा लिंकवर ठेवा, पण सही झालेला करार दोन्ही बाजूंना ईमेलला जोडून पाठवा आणि सहीच्या नोंदीचं पानही त्याला जोडा. सही करून देणाऱ्या सेवांची वर्गणी असते. वर्गणी थांबली, कंपनी बुडाली, कर्मचारी आपला ईमेल घेऊन गेला, तर लिंक उघडत नाही. करार आपल्या घरात हवा.

स्टॅम्पचा विषय रटाळ आहे, पण टाळता येत नाही. करार ऑनलाइन झाला म्हणजे स्टॅम्प लागत नाही, अशी सोयीची समजूत पसरलेली आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात दस्ताच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक नोंदही धरलेली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी किमान पाचशे रुपये झाले. काही करारांना रकमेच्या प्रमाणात वेगळा दर. शासनाच्या ग्रास पोर्टलवर ई-चलनानं तो भरता येतो. सहीच्या आधी, सहीच्या दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. न भरल्यास करार रद्द होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ते स्पष्ट केलं आहे. पण दंडासकट शुल्क भरेपर्यंत तो पुरावा म्हणून घेतला जात नाही, आणि भांडण ऐन रंगात असताना ही खोट काढणं हा समोरच्या वकिलाचा आवडता डाव असतो.

एवढा खटाटोप छोट्या धंद्यानं का करावा? पैशासाठी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. त्यातल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना किंवा सेवा देणाऱ्यांना खरेदीदारानं लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कितीही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. त्यावर भर म्हणून आयकर कायद्यानुसार, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. हे हत्यार चालवायचं तर माल केव्हा दिला, मुदत काय ठरली आणि ती कोणी मान्य केली हे दाखवता आलं पाहिजे. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदारानं ती पंधरा दिवसांत लेखी कळवायची असते, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. ती तक्रार कोणत्या पत्त्यावर कळवायची? करारात ईमेलचा पत्ता लिहिलेला नसेल तर पुन्हा तेच: कुठे पोचलं, केव्हा पोचलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ नुसार, ठरवून दिलेल्या पत्त्यात संदेश शिरला की तो मिळाला असं मानलं जातं, आणि मिळाल्याची जागा म्हणजे धंद्याची जागा. खामगाव आणि अहमदाबाद सहा वर्षं ज्यावर भांडले, त्याला आज करारातल्या दोन ओळी पुरतात: सूचनेसाठी हा ईमेल, आणि वादासाठी या शहराचं न्यायालय. तरी इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात दिल्लीचं किंवा सिंगापूरचं न्यायालय तसंच ठेवून सही करणारे पुण्या-नाशकात भेटतातच.

बँक खात्याचं कलम तर प्रत्येक करारात हवं. भामटे आता खोटी सही करत बसत नाहीत. ते तुमच्यासारखाच दिसणारा, एका अक्षराचा फरक असलेला ईमेल काढतात आणि क्लायंटला कळवतात, ‘आमचं खातं बदललंय, पैसे इथे भरा.’ खातं फक्त दोघांच्या सहीच्या पुरवणीनं बदलेल आणि आधीच्या ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे जाणार नाहीत, असं लिहून ठेवावं. करारासोबत आधारची प्रत मागायची सवयही सोडावी. मागायचीच तर शेवटचे चार अंक दिसणारी मास्क्ड प्रत मागावी.

शेवटी वाचणाऱ्याचा विचार. करार आज फोनवर वाचला जातो, रिक्षात, जेवताना, सहा इंचाच्या काचेवर. चौदा पानांचं इंग्रजी पीडीएफ बोटानं मोठं-लहान करत कोणी वाचत नाही. सरळ तळाशी जाऊन सही करतो. मग भांडणाच्या दिवशी पहिल्यांदा वाचतो. पहिल्या पानावर काम, रक्कम, तारखा, पेमेंट आणि करार मोडायची रीत, एवढं मोठ्या अक्षरांत लिहिलं तर कायदा रागावत नाही. दक्षिण आफ्रिकेत रॉबर्ट डी रूय या वकिलानं फळबागांतल्या मजुरांसाठी करार चित्रांतून केला. मजूर तो पाहून समजतात आणि त्यावर सही करतात. आपल्याला चित्रांपर्यंत जायचीही गरज नाही, मराठी पुरे. जळगावचा केळीवाला आणि सांगलीचा बेदाणेवाला यांच्यातला करार इंग्रजीत का असावा, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. दोन्ही भाषांत केला तर वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, हे मात्र लिहावं.

लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या मांडाल तेव्हा एक काम करा. चालू असलेल्या प्रत्येक कामाचा करार शोधा. दोघांच्या सहीची एकच शेवटची प्रत सापडते का, तिला स्टॅम्प आहे का, सहीची नोंद आहे का, सूचनेचा ईमेल आणि खातं लिहिलंय का, ते पाहा. जिथे सापडणार नाही, तिथे क्लायंटला पाडव्याच्या शुभेच्छांबरोबरच नीट केलेली प्रत सहीसाठी पाठवा. भांडण नसताना कोणीही आनंदानं सही करतो.